रिकाम्या उताराचं रीळ

लिफ्ट धडधाकट चालू असताना साठीला टेकलेला एक माणूस पाठीला दहा किलो तांदळाची पिशवी बांधून अकरा मजले जिन्याने चढतो, वर पोचला की मनगटावरचं घड्याळ बघून वहीत काहीतरी टिपतो आणि खाली जाऊन पुन्हा चढायला लागतो. अशा माणसाबद्दल शेजाऱ्यांनी काय समजायचं? सातव्या मजल्यावरच्या मैमुनाबीने जे समजायचं ते समजून घेतलं. बाई मूळची दाभोळची, तीस वर्षं अजमानमध्ये काढलेली, आणि आपल्याला माणसाची पारख आहे हे तिचं तिनेच ठरवलेलं. तिसऱ्या फेरीला तिने दार उघडलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, कॅस्मिरभाऊ, हे डॉक्टरने सांगितलंय की आपलं असंच?

कॅस्मिर तुस्कानो पाणी प्यायला आणि धापा टाकत म्हणाला, की दमलेला माणूस ओझं घेऊन चढताना मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजतोय. कशाला? तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका मुक्या सिनेमातली माणसं नीट चालावीत म्हणून. मैमुनाबीने बाटली परत घेतली, दार लावलं आणि संध्याकाळी डबाभर सांदणं पाठवून दिली. एकट्या माणसाला पोटाची आबाळ झाली की असं होतं, हे तिचं निदान. अगदीच चुकीचं नव्हतं म्हणा.

कॅस्मिर वसईचा. स्टेशनजवळच्या बिल्डिंगांतला नव्हे, समुद्राकडच्या वाड्यांतला, जिथे केळीच्या बागांत देवळं आणि चर्चं शेजारी शेजारी नांदतात तिथला. बाविसाव्या वर्षी गावाजवळच्या थिएटरात ऑपरेटर म्हणून लागला. पडद्यावर सिनेमा पाडणारा तो ऑपरेटर. डॉक्टरच्या खोलीतला नव्हे आणि टेलिफोनवालाही नव्हे, हे त्याला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं. एक्याण्णव साली शारजाच्या एका थिएटरात नोकरी मिळाली. तिथे आठवड्याला तीन हिंदी, दोन मल्याळी, ईदला तमिळ. वीस वर्षं तो त्या भिंतीतल्या चौकोनी भोकामागे उभा राहिला. हजार माणसं पुढे तोंड करून बसलेली आणि हा त्यांच्या पाठीमागे. त्याचं तोंड कुणी बघितलं नाही. फिल्म तुटली की मात्र सगळे मागे वळून शिव्या घालायचे, तेवढीच काय ती ओळख.

एकही खेळ आपण अर्धवट सोडला नाही, असं तो छाती काढून सांगायचा. एकदाच घोळ केला होता. मुलीच्या, करेनच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा पठ्ठ्याने अकरावं रीळ गाळून सरळ बारावं लावलं आणि दहा मिनिटं आधी निघाला. हिरोच्या बहिणीचं लग्न जुळायच्या आत तिच्या कडेवर पोर आलं. साडेसातशे माणसांपैकी एकानेही तक्रार केली नाही. हे सांगताना तो हसायचा, पण त्याला ते लागलंही होतं. म्हणजे रीळ गेलं तरी कुणाला कळत नाही तर.

मग डिजिटल आलं. थिएटरातली मशिनं भंगारात गेली आणि ऑपरेटरच्या जागी एक लॅपटॉप बसला. कॅस्मिर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गाळ्यात कामाला लागला. एका बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला बिस्किटांचं गोडाऊन, आणि मध्ये हे लोक, जुन्या लग्नांच्या कॅसेटी आणि कंपन्यांच्या जुन्या फिल्मा कॉम्प्युटरवर उतरवून देणारे. मॅनेजर सतीश, सांगलीचा, पस्तिशीचा. माणूस वाईट नाही. सगळ्यांना घाई असते म्हणून त्यालाही असते, एवढंच.

आता कॉन्सेप्टाचं सांगायला हवं. कॅस्मिर स्वतः सांगायचा नाही.

कॉन्सेप्टा त्याची बायको. दुबईत एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर होती, कडक इस्त्रीची बाई. दोन हजार आठ साली गावी कॅस्मिरची आई घसरून पडली, खुबा मोडला. बघायला कुणी नाही म्हणून कॉन्सेप्टा रजा टाकून गेली. दोन-तीन महिन्यांत येते, म्हणाली. करेन तेव्हा तेरा वर्षांची, तिची शाळा इथली, म्हणून ती बापाजवळ राहिली. सासू अंथरुणावर नऊ वर्षं जगली. दोनचे तीन महिने, तिनाची तीन वर्षं, असं होता होता कॉन्सेप्टाची नोकरी गेली, व्हिसा गेला, आणि तिकडे वाडीची, मोगऱ्याची, चर्चच्या महिला मंडळाची कामं तिच्या अंगाला चिकटली. रोज संध्याकाळी सात वाजता कॅस्मिर फोन करायचा. जेवलीस का, आईला संडास झाली का, पाणी आलं का. "तू ये आता" असं तो कधी म्हणाला नाही. म्हणायचं कशाला, येणारच आहे की, असं त्याला वाटायचं. आई गेल्यावर तरी म्हणायचं, तर तेव्हाही नाही. तिला वेळ लागेल, आवरायचं असेल. वाट बघणं ही जणू त्याचीच जबाबदारी आणि तो ती इमानदारीने पार पाडत होता. अजमानमधला एका बेडरूमचा फ्लॅट त्याने सोडला नाही, डबलबेड विकला नाही. करेनचं शिक्षण झालं, तिला दुबईत नोकरी लागली, ती मैत्रिणींबरोबर राहायला गेली, तरी हा तिथेच.

मग कोरोनाच्या आदल्या वर्षी कॉन्सेप्टाच्या पोटात गाठ निघाली. आठ महिने चाललं. करेन दोनदा जाऊन आली. सतीशने स्वतःहून सांगितलं, अंकल, महिनाभर जाऊन या, काम मी बघतो. कॅस्मिर गेला नाही. त्याचं म्हणणं असं, की मी अचानक जाऊन उभा राहिलो तर तिला वाटेल आता काही खरं नाही. ती धीर सोडेल. म्हणून सात वाजताचा फोन सहाला आणि नऊला असा दोनदा झाला. गेला तो थेट मातीला. तीन दिवस राहिला आणि परत आला. लोकांनी म्हटलं, दुःखाने गप्प झाला. गप्प तो आधीपासूनच होता.

तर अशा माणसाच्या टेबलावर गेल्या नोव्हेंबरात पाच गोल डबे येऊन पडले.

डबे पाठवले होते फुजैराच्या एमानने. चाळिशी उलटलेली अमिराती बाई, हिंदी सिनेमे बघून झकास हिंदी बोलणारी. तिचे वडील डोंगरातल्या गावातले. पोरपणी बकऱ्यांमागे डोंगर चढलेले आणि पुढे पैसा आल्यावर जगभरातून डोंगरांच्या जुन्या वस्तू गोळा करणारे. दोर, कुदळी, नकाशे, फोटो, आणि ही फिल्म. वडील वारल्यावर एमानने त्यांच्या घराचं छोटं म्युझियम करायचं ठरवलं होतं आणि उद्घाटनाला ही फिल्म दाखवायची होती. कुणी काढली, कुठल्या डोंगरावर, काही पत्ता नाही. मूळ फिल्म शंभरेक वर्षांपूर्वीची, ही तिच्यावरून मागाहून कधीतरी काढलेली प्रत. आवाज नाही, मध्ये मजकुराच्या पाट्या नाहीत. पाचव्या डब्याच्या झाकणावर जर्मनमध्ये दोन ओळी खरडलेल्या. सतीशने त्यांच्यावर मोबाईल धरला तेव्हा मोबाईल म्हणाला, शेवटचं, दोघे परत आले नाहीत.

पाचही रिळं कॉम्प्युटरवर उतरवून झाली आणि सतीशने मोठ्या स्क्रीनवर लावली. सगळे जमले. बर्फाच्या कड्यावर दोन माणसं, एक लांबटांग्या आणि एक बुटका चिलीमवाला, टुणटुण उड्या मारत चढत होती. मध्येच बसत, उठत, दोर ओढत, पुन्हा टुणटुण. अख्खं ऑफिस पोट धरून हसलं. खोटं कशाला बोला, कॅस्मिरही हसला.

आणि हसता हसता थांबला. वीस वर्षं मशीन चालवलेला ऑपरेटर तो. त्याच्या लक्षात आलं, की खालच्या गावात ही माणसं थोडीशीच घाईत दिसतात, पण जसजशी वर जातात तसतशा उड्या वाढतात. सगळ्यात जास्त हसू येतं ते सगळ्यात वर. असं का व्हावं? उलट व्हायला पाहिजे. वर हवा विरळ, पाय उचलत नाहीत, माणूस हळू होतो.

उत्तर साधं होतं, पण ते सुचायला हाताने मशीन चालवलेलं असावं लागतं. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा. बाजूला दांडा, तो कॅमेरावाला एका लयीत फिरवत राहायचा. सेकंदाला सोळा चित्रं पडली तर सोळा, हात मंदावला तर बारा. आणि आजचं यंत्र सगळ्यांना सरसकट सेकंदाला चोवीसने पळवतं. म्हणजे कॅमेरावाल्याचा हात जितका हळू, तितकी पडद्यावरची माणसं पळणार. वर हळू झाला होता तो त्याचा हात. गारठलेला, दमलेला. त्याला सगळ्यात जास्त त्रास झाला तिथेच आपण सगळ्यात जास्त हसलो, हे कॅस्मिरला कळलं आणि त्याला मनापासून शरम वाटली.

त्या दिवसापासून हे खूळ सुरू झालं. तो मोबाईलवर वाचत बसू लागला. त्या काळी असे बरेच वेडे होऊन गेले होते. लाकडी तिपाई, काचा, वीस-वीस किलोचं धूड पाठीवर घेऊन बर्फात चढायचे. रात्री कॅमेरा पांघरुणात घेऊन झोपायचे, नाहीतर सकाळी आतलं तेल गोठून दांडा फिरायचा नाही. थंडीत फिल्म कडक होऊन पापडासारखी मोडायची. ज्यांना शिखर गाठायचं त्यांची नावं राहिली, चित्र काढणाऱ्यांपैकी कितीकांची नाहीत. ते जिथे जिथे चढले तिथे तिथे हा कॅमेरावालाही चढलाच होता की, वर ओझं घेऊन, आणि पुढे पळत जाऊन, कारण माणसं येताना दिसायला हवीत तर त्यांच्या आधी पोचायला हवं. कॅस्मिर त्याला ऑपरेटर म्हणायला लागला. आमचा ऑपरेटर. पाच रिळांत त्याचं तोंड एकदाही दिसत नाही.

मग मोजमाप आलं. माणूस साधारण कसा चालतो, तांदूळ पाठीवर घेऊन कसा चढतो, पेटवलेल्या काडीचा धूर किती वेळ टिकतो, हातातून सुटलेला दगड किती वेळात खाली पडतो. शनिवारची सुट्टी घालवून, ऑफिसच्या चाव्या मागून घेऊन, त्याने एकेक तुकडा त्याच्या त्याच्या खऱ्या वेगाला आणून ठेवला. इथे सोळा, इथे चौदा, इथे बारा. लांबटांग्या आणि चिलीमवाला टुणटुण उड्या मारायचे थांबले. एक पाऊल टाकून उभं राहायचं, श्वास घ्यायचा, मग दुसरं. पहिल्यांदा ते असे चालले तेव्हा कॅस्मिरने आजूबाजूला बघितलं. दाखवायला कुणी नव्हतं. खिडक्यांचा कारखानाही बंद होता.

चार रिळं झाली आणि पाचव्याने घात केला. त्यात माणूसच नव्हता. नुसता बर्फाचा उतार. दोघे वर शिखराकडे गेलेले, ऑपरेटर खालच्या तंबूपाशी कॅमेरा लावून त्या उताराकडे बघतोय. ढग येतात, जातात. बस. चोवीसच्या वेगाने चार मिनिटं. पावलं नाहीत, धूर नाही, मोजायचं कशाने? कॅस्मिरने ते तीस-चाळीस वेळा पाहिलं. मग एका शनिवारी दुपारी त्याला दिसलं की चित्र पांढरं होत चाललंय. उतारावरची सावली तर लांबत होती, म्हणजे दिवस कलत होता, चित्र काळवंडायला हवं. ते उजळत कसं जातं?

हात मंदावला की दर चित्राला उजेड जास्त वेळ मिळतो. चित्र उजळतं. ऑपरेटरचा हात हळू होत गेला होता. कॅस्मिरने पांढरेपणावरून अंदाज बांधत वेग लावले. सुरुवातीला चौदा, मग बारा, मग दहा, शेवटी सातावर आला. चार मिनिटांची दहा मिनिटं झाली. कॅमेऱ्यात मावेल तेवढी सगळी फिल्म त्या माणसाने रिकाम्या उतारावर घातली होती. त्याला कळलं होतं की आता कुणी येत नाही. तरी दांडा सोडला नव्हता. कॅस्मिर खुर्चीत बसून ढसाढसा रडला. मातीच्या दिवशी रडला नव्हता तेवढा रडला. या जगात आपल्यासारखा एक माणूस होऊन गेला, असं त्याला वाटलं, आणि तो आपल्याला शंभर वर्षांनी भेटला.

सतीशला हे दाखवलं तेव्हा सतीश घड्याळ बघत होता. चार रिळांचं त्याने मानलं, म्हणाला, अंकल, कमाल केलीत, एकदम जेन्युइन वाटतंय. पाचव्याला मात्र हात जोडले. दहा मिनिटं नुसता बर्फ कोण बघणार? शिवाय हे पांढरं होत जाणं म्हणजे क्लायंटला वाटेल आपलंच काम बिघडलंय. त्याने उजेड सगळीकडे एकसारखा करून, ढग पळवून, अर्ध्या मिनिटाचा तुकडा ठेवला, आधीच्या चार रिळांतलीही लांबलेली थांबणं कापली आणि खाली पियानो लावला. दिसायला छान दिसत होतं. खलास, हीच फायनल, म्हणाला. आणि जाता जाता सहज आठवण केली, की मार्चमध्ये कॅस्मिरला साठ पूर्ण होतात, व्हिसा वाढवायचा तर ऑफिसकडून पत्र लागेल. धमकी वगैरे नव्हती ती. सतीश विसरू नये म्हणून मोठ्याने बोलला इतकंच. पण कॅस्मिरला कळायचं ते कळलं.

उद्घाटन जानेवारीत, रविवारी दुपारी चारला, फुजैरापासून आत डोंगराच्या पायथ्याशी. मशीन सांभाळायला कॅस्मिरच जाणार होता. त्याने करेनला फोन केला. पोरगी एकोणतीस वर्षांची, मीडिया कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीतच द्यायची. महिन्यातून एकदा यायची, फ्रिज उघडून बघायची, औषधं मोजायची, जायची. तो तिला म्हणाला, बाय, रविवारी ये. एक फिल्म आहे. माझ्याबरोबर बसून बघ. एवढंच. आजवर त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून ती आधी घाबरली आणि तब्येत बरी आहे ना विचारलं. मग म्हणाली, आय विल ट्राय, पपा.

ट्राय म्हणजे काय ते तो ओळखून होता. तरी रविवारी त्याने मशीनशेजारची खुर्ची अडवून ठेवली.

हॉल म्हणजे एमानच्या वडिलांची जुनी बैठक. पडदे ओढून अंधार केलेला, साठ-सत्तर माणसं, बाहेरच्या अंगणात जेवणाची टेबलं मांडलेली आणि मटणाच्या भाताचा वास आत येतोय. सतीश सूट घालून पहिल्या रांगेत. एमान छोटंसं बोलली, बाबांना ही फिल्म फार आवडायची म्हणाली, आणि मागे वळून कॅस्मिरला हात केला. यल्ला, उस्ताद, शुरू करो.

कॅस्मिरच्या पुढ्यात लॅपटॉप. त्यात दोन फिल्मा. एक सतीशची, तासाभरात उरकणारी आणि पियानोवाली. कॅस्मिरने स्वतःच्या पेनड्राइव्हवरून घातलेली दुसरी, पाऊण तास जास्त. एकात पाचवं रीळ जवळपास नाही, दुसऱ्यात आहे. रीळ गेलं तर कुणाला कळणार नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि मार्च दोन महिन्यांवर. वसईला जायचं तर कुणाकडे जायचं? कुलूप लावलेल्या घराकडे. त्याने मागच्या दाराकडे एकदा बघितलं. करेन नव्हती. त्याने आपली फिल्म लावली.

कुणी हसलं नाही. पहिली वीस मिनिटं तर लोक रंगून गेले. लांबटांग्या दोराला लटकून बर्फात पायरी खोदू लागला तेव्हा पुढची दोन पोरं श्वास रोखून बसली. कॅस्मिर पडदा बघतच नव्हता, लोकांच्या पाठी बघत होता. पण तासभर झाला तशी चुळबूळ सुरू झाली. माणसं तीच, बर्फ तोच, पाऊल एक आणि थांबणं दहा. मोबाईलचे उजेड लागले. बाहेर टेबलांवरची झाकणं वाजली. एकेक करून लोक वाकून उठायला लागले, पडद्यावर सावली पडू नये म्हणून, तेवढा शिष्टाचार सांभाळून. सतीश मागे आला. त्याने स्क्रीनवरची वेळ बघितली, कॅस्मिरकडे बघितलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, आपण उद्या बोलू, अंकल. आणि पाहुण्यांना सांभाळायला बाहेर गेला. त्याचा राग खरा होता, आणि त्याच्या जागी तो बरोबरही होता.

पाचवं रीळ सुरू झालं तेव्हा हॉलमध्ये पुढे एमान आणि मागे कॅस्मिर. मग एमानलाही कुणीतरी बोलवायला आलं, कुठले तरी बडे पाहुणे निघाले होते. ती उठली, छातीवर हात ठेवून कॅस्मिरकडे बघून मान झुकवली आणि गेली. साठ-सत्तर रिकाम्या खुर्च्या आणि पडद्यावर रिकामा उतार. कॅस्मिरच्या मनात आलं, बंद करावं. कुणासाठी चालवायचं? पण खेळ अर्धवट सोडायचा नसतो.

तेवढ्यात दार उघडलं आणि करेन आत आली. धापा टाकत, हातात चपला, अंगणातल्या खडीत टाच मोडली होती. सॉरी, सॉरी, ट्रॅफिक, असं पुटपुटत ती अडवून ठेवलेल्या खुर्चीवर बसली. एवढ्या खुर्च्या रिकाम्या असताना त्याच खुर्चीवर बसली. कॅस्मिरला इतका आनंद झाला, की त्याने आपली खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला टेकवली.

मग तो बोलत सुटला. आयुष्यात लेकीशी एका दमात इतकं बोलला नसेल. दोघे वर गेलेत, हा खाली थांबलाय, हाताने फिरवतोय, बघ, पांढरं होतंय ना, तो हात मंदावतोय त्याचा. त्याला कळलंय ते येणार नाहीत. तरी थांबत नाही. सगळी फिल्म संपेपर्यंत त्याने वाट बघितली, बाय. असा माणूस.

करेन ऐकत होती. मोबाईल तिने पर्समध्ये टाकला होता. पुढे वाकून, हनुवटीला मूठ लावून ती तो उतार बघत राहिली, अगदी मन लावून. त्याला हवं होतं तसंच. मिनिटभराने तिने विचारलं.

"बट पपा, ही नेव्हर वेंट अप? टु लुक फॉर देम?"

टोमणा नव्हता त्यात. सिनेमा बघताना कुणीही विचारेल तसं विचारलं तिने.

"कॅमेरा सोडून कसा जाणार तो?" कॅस्मिर म्हणाला. पटकन म्हणाला, ठरलेलं उत्तर असल्यासारखं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की ऐंशी वेळा हे रीळ पाहिलं, एकेक चित्र मोजलं, उजेड मोजला, आणि हा प्रश्न आपल्याला एकदाही पडला नाही. तो उतार काही फार चढाचा नव्हता. दिवस मावळायला अजून अवकाश होता. दोर तंबूपाशी पडलेला, डाव्या कोपऱ्यात दिसतो. वर जाता आलं असतं. निदान निघता आलं असतं. तो निघाला नाही. जायचं म्हणजे ते संकटात आहेत हे मान्य करायचं. त्यापेक्षा दांडा फिरवत राहिला.

आठ महिने, दिवसातून दोनदा फोन. सहाला आणि नऊला.

करेनच्याही ते मनात आलं असावं, किंवा तिच्या मनात ते कायमच असावं.

"मी जायला पाहिजे होतं, बाय," तो म्हणाला.

तिने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"येस, पपा," ती म्हणाली. "यू शुड हॅव."

बाहेर अंगणात लोक जेवत होते, हसत होते. उतारावर एक ढग आला आणि गेला. रीळ संपायला अजून चार मिनिटं होती.